तोंड नसलेल्या माणसांचं चित्र

ये गं पोरी, अशी जवळ बस. समोर नाहीस हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना तू समोर आहेस असंच धरलंय. फोनवर 'आजी, बऱ्या आहात ना?' एवढं विचारून ठेवून देतेस, ही काय रीत झाली? मुलांना मनातलं बोलायला शिकवणारी शाळेतली ताई तू, आणि स्वतः मात्र गप्प! तुला यातलं बरंच माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही मोशीत राहतो. मुलगा चाकणला कंपनीत. शिफ्ट आठवड्याला बदलते. थर्ड शिफ्ट असली की तो सकाळी येऊन झोपतो आणि दोन खोल्यांचं आमचं घर दिवसभर मुकं होतं. मिक्सर बंद, टीव्हीचा आवाज बंद, कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बारीक करते. आजूबाजूच्या घरांतही हेच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नात तेव्हा चौथीत. टाचा उचलून चालायची, हसू आलं की तोंडावर हात. आम्ही कौतुकानं सांगायचो, "आमची पोर भारी समजूतदार!" शाळेत बाईसुद्धा म्हणायच्या, "हिचा काही त्रासच नाही हो." फक्त शाळेला निघताना पोटात दुखायचं, आणि डॉक्टरांना काही सापडायचं नाही.

तुला सापडलं. आठवड्यातून एकदा तू यायचीस, मुलं त्याला 'मनाचा तास' म्हणायची. मार्क नाहीत, परीक्षा नाही. घरातल्या माणसांचं चित्र काढा म्हणालीस, तर हिनं आम्हा चौघांना काढलं. डोळे, कान, माझा चष्मासुद्धा. तोंड मात्र कुणालाच नाही! तू मला बोलावून ते दाखवलंस. म्हटलं, "पोरीच्या डोक्यात काही बिघाड झालाय का गं?"

तू हसलीस. "आजी, काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून आत्ताच बोलतेय. दात किडायची वाट बघून घासायला शिकवतो का आपण?"

मग तू सांगितलंस तसं केलं. संध्याकाळी गच्चीवर नेऊन तिला मनसोक्त ओरडू दिलं. कामाला निघण्याआधी बाप तिच्याशी गप्पा मारायला लागला. 'घरातली शांतता बाबांच्या झोपेसाठी आहे, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही' हे तिला नीट सांगितलं. "म्हणजे तिला वाटायचं मी रागावलोय?" असं म्हणून माझा मुलगा मोरीत गेला आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

दिवाळीपर्यंत पोटदुखी गेली. माझ्याशी भांडायला लागली. "आजी, तू लबाड आहेस, पत्ते लपवतेस!" सून म्हणाली, "घ्या, आता हिला गप्प करायला दुसऱ्या ताई शोधा." काय हसलो आम्ही!

आणि मग ती पालकसभा. नवीन प्रवेशासाठी आलेले लोकही होते. मुख्याध्यापिका बाईंनी मोठ्या पडद्यावर दाखवायला घेतलं, 'आमची शाळा मुलांच्या मनाचीही काळजी घेते', आणि पडद्यावर आलं तेच चित्र. कोपऱ्यात तिच्याच अक्षरात तिचं नाव. मागून एकजण म्हणाला, "काय आजी, तुमच्याकडे जेवतात कुठून?" सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेल्या पोरीनं माझा हात हळूच सोडला.

घरी येताना एवढंच म्हणाली, "ताई म्हणाल्या होत्या, हे आपल्या दोघींतच राहील."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो, कौतुकच केलं ना आम्ही तिचं!" आणि जूनमध्ये तो तासच बंद. त्या जागी स्कॉलरशिपची तयारी. "ज्यांना त्रास असेल त्यांनी डॉक्टरांकडे जावं, चांगल्या मुलांचा वेळ कशाला घालवायचा?" अगं, त्रास होऊ नये म्हणून चांगल्या मुलांसाठीच तर होता तो तास! ज्याच्या नावावर प्रवेश मिळवले, तोच बंद करून टाकला. आम्ही विश्वासानं पोर हातात दिली होती गं. तिच्या मनातलं यांनी भिंतीवर लावलं.

तेव्हा एकदाच तू फोनवर सांगितलंस की चित्र तू कपाटात ठेवलं होतंस, तुला न विचारता काढलं, आणि नंतर तुलाच येऊ नका म्हणून कळवलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तिला एक शब्द न सांगता गेलीस, त्याचा राग येतो मला, खोटं कशाला बोलू? आता तिला काय झालं विचारलं, की आधी मलाच विचारते, "कुणाला सांगशील?" मला! जिच्या कुशीत झोपते त्या आजीला!

पोटात अजून दुखत नाही. पण तेवढ्यावर मी निश्चिंत बसायची नाही, ते तूच शिकवलंस. चित्र तू दिलं नव्हतंस, हे मी सांगून तिला पटत नाही, तुझ्या तोंडून ऐकू दे. शाळेत तुला सोडणार नाहीत, पण घर माझं आहे. कदाचित ती तुझ्याशी बोलणार नाही, आत जाऊन बसेल. बसू दे. आपण दोघी चहा पिऊ, भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू जातं. येत्या रविवारीच ये गं, पुढं ढकलू नकोस.