जळक्या तेलाचा भाव

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात आजही म्हणतात, भाऊजींना धंदा जमला नाही. ते खरं नाही. धंदा माझ्या हिशेबामुळे बुडाला.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मीच सुचवलं: हॉटेलांतलं तळून काळं झालेलं तेल गोळा करू, त्याचं बायोडिझेल करून विकू. रीत पक्की होती. आजही छातीठोक सांगतो. खर्चाचा अंदाज मी काढला. कच्च्या मालापुढे फक्त गाडीभाडं धरलं. टाकाऊ तेलाला कोण पैसे मागणार?

यंत्रं बसली, आणि नारायणगुडा भागातल्या पहिल्याच हॉटेलवाल्यानं डबे आत ओढून घेतले.

"कचरा किसको बोले साब? मिर्चीभजीवाले नगद देके ले जाते. तुम भी भाव बोलो!"

भाऊजी माझ्याकडे वळले. "घ्या मास्तर! तुमच्या कागदावर हे गृहस्थ दानशूर आहेत."

मी हसलो. पण मला ते आधीच ठाऊक होतं. आमच्या शहरात हॉटेलांच्या कढईतलं तेल भजीच्या गाड्यांवर जातं, तिथून साबणवाल्यांकडे. विद्यानगरला एका गाडीवर भजी खाता खाता मी भावाची चौकशीही केली होती. तो भाव धरला तर नफा उरत नव्हता, आणि मला कारखाना उभा राहिलेला बघायचा होता. टाकाऊ मालाचं अर्थशास्त्र साधं आहे: तुम्ही मागायला गेलात की तो टाकाऊ राहत नाही.

आम्ही मागत गेलो, भाव चढत गेला. आमचं इंधन पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग पडू लागलं. भाऊजींची पुंजी गेली, यंत्रं भंगारात निघाली. ताईनं कारण विचारलं तेव्हा मी म्हणालो, "भाऊजींना घासाघीस जमत नाही." ते शेजारीच बसले होते.

पुढे ते अंथरुणाला खिळले, तेव्हा खरं सांगायचंच म्हणून मी नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेलो.

"भाऊजी, ते तेलाचं..."

"सोडा हो मास्तर. माझ्याच्यानं घासाघीस झाली नाही."

माझं वाक्य त्यांनी स्वतःचं करून घेतलं होतं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला आणि पावसापाण्याचं बोललो. महिन्याभरात ते गेले.

भाऊजी, घासाघिशीचा प्रश्नच नव्हता. तो भाव मला माहीत होता, मी तुमच्यापासून लपवला. मला माफ करा.