कौसाची फुगडी अन् ते स्कूटीचं गाणं

माझ्या धाकट्या जावेला मी नाचवलं, अन् दुसऱ्या दिवशी ती गेली.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. वरीसभर हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. लई भ्या वाटायचं. आत्ता बी वाटतंय, पण सांगते.

मी शिकले दुसरीपर्यंत. माझी नात रेणू संभाजीनगरला कॉलेजात हाय, तिनं मला फोनमधी बोलून लिहायचं शिकवलं. मी बोलते, फोन लिहितो. मधी कुकरची शिट्टी झाली की गांगरतो बिचारा.

तर माझी जाऊ. कौसा.

तेलगावजवळ आमची दोन घरं, मधी एक भिंत. चाळीस वर्षं आमी त्या भिंतीवरून साखर-पत्ती दिली-घेतली. भांडणं बी तिथूनच केली.

तिचं काळीज मोठं झालतं. बीडच्या डॉक्टरनं सांगितलतं, दगदग न्हाई, मीठ न्हाई, जिना न्हाई.

कौसा म्हणायची, "आक्का, हसायचं चालतंय का, तेवढं विचारायचं राहिलं बघ."

दिवाळीच्या सुट्टीत रेणू आली. आमी दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसलतो. पोरीनं एक गाणं लावलं.

"हे कसलं गं?"

"इंडी पॉप, आज्जी. मोठ्या कंपनीचं न्हाई. पोरं-पोरी आपल्या घरीच बनवतात."

कौसा म्हणली, "म्हंजे घरचा मसाला. पाकिटातला न्हाई."

काय सांगू तुमाला! एक पोरगी स्कूटीवरून गावभर हिंडते, एवढंच गाणं. मधी टाळ्या, मधी शिट्टी. रडणं न्हाई, कुणी सोडून गेलं न्हाई. पोरगी नुसती खूश हाय. कशापायी खूश हाय, ते बी सांगत न्हाई.

असलं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझं मलाच हसू यायला लागलं.

कौसा मातर काळजीत. "आक्का, हिच्या गाडीत पेट्रोल कोण भरतं गं?"

रेणू जाताना फोनमधी गाण्यांची यादी करून देऊन गेली. मंग रोज दुपारी आमचं तेच काम. भजनाचं बोलावणं आलं की कौसा सांगायची, गुडघा धरलाय. खोटारडी!

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्या लेकानं, बंडूनं, तिला चोरून लोणचं खाताना धरलं. लई बोलला. "मरायचं हाय का तुला?" म्हणला अन् कामावर निघून गेला.

दुपारी कौसा डोळे पुसतच माझ्याकडं आली.

मी काय करावं? स्कूटीचं गाणं लावलं. म्हणलं, जरा हसंल.

हसली. अन् उठून उभी राहिली.

"कौसा, बस खाली."

"आक्का, हात दे."

"अगं तुझं काळीज..."

"माझं मी बघते. तू हात दे."

आता आमाला नाच येतो एकच. पंचमीची फुगडी.

मी न्हाई म्हणायला पायजे होतं.

हात दिला.

चार फेरे झाले, पाच झाले. तिचा अंबाडा सुटला. ती पोरगी टाळ्या वाजवतीय अन् आमी दोन म्हाताऱ्या गरागरा.

थांबलो तवा कौसाचे ओठ काळेनिळे. मी पाणी पाजलं, पाठ चोळली, होते न्हाई ते सगळे देव आठवले. ती धापा टाकतीय अन् हसतीय.

"बंडूला सांगू नको, आक्का. मीठ बंद केलं, आता गाणं बंद करंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच न्हाई.

बाया म्हणल्या, झोपेत गेली, पुण्यवान. मी पदराखाली हात लपवून बसले. ह्याच हातांनी फिरवलतं तिला.

त्या दिवसापासून एक गाणं लावलं न्हाई.

बंडू घरात आला की मी काम काढून आत जायची. एकदा म्हणला, "मोठीमाय, एक विचारू का?" मी भिंत धरली. तर त्याला तिच्यासारखी कारळ्याची चटणी कशी करायची ते पायजे होतं. त्याला सांगता सांगता तिखट दोनदा सांगितलं.

आज पानं उठली, पाव्हणे गेले. बंडू माझ्यापाशी बसला.

"मोठीमाय, त्या दिवशी दुपारी माय तुझ्याकडं होती. काय म्हणली?"

मला खोटं बोलता आलं न्हाई. सगळं सांगितलं. फुगडी बी. ओठ बी.

तो उठला. मला वाटलं, झालं. आता हा माझ्या दारात पाय ठेवत न्हाई.

उभ्याउभ्याच म्हणला, "मी सकाळी ओरडलो. संध्याकाळी आलो, तवा बी रागापायी तिच्याशी बोललोच न्हाई. वरीसभर मला वाटतंय, माय रडत गेली. अन् ती हसली, हे तुला ठाऊक होतं?"

"भ्या वाटलं रे, बाबा."

"मला बी वाटत होतं की."

फुगडीनं गेली का, ते त्यानं विचारलं न्हाई. मला बी ठाऊक न्हाई. डॉक्टरला बी कुठं ठाऊक असणार.

चहा ठेवते म्हणलं, नको म्हणला. दारातून म्हणला, "ते गाणं पाठव."

पाठवलं. त्यानं बघितल्याच्या खुणा आल्या. मी देवापुढं दिवा लावला अन् फोन हातात धरून बसले. बंडूला राग आलाय का, माझं नातं तुटलं का, काय कळंना.

आत्ता भिंतीपल्याड ते गाणं वाजतंय.

संपलं.

परत लावलं त्यानं.

कौसा, तुला थोरल्या जावेचा रामराम. सावकाश जा गं बाई.