घासकामाची वहिनी

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नवऱ्याने तिच्या हातात पॉलिशपेपर दिला. घरामागेच त्याचा फर्निचरचा कारखाना, पुढे दुकान. तो कापायचा, जोडायचा, ती घासायची. गिऱ्हाईक टेबलावरून हात फिरवायचं आणि शाबासकी नवऱ्याला द्यायचं. कामगार तिला वहिनी म्हणत. लेक शाळा संपवून मोठी झाली तरी वहिनी घासतच होती.

मग डावी नाकपुडी चोंदली. तेवढ्या एकाच बाजूने रक्त यायचं. भाजी करपली तरी वास येईना.

"नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईचं असंच होणार," नवरा चारचौघांत हसायचा.

गल्लीतल्या डॉक्टरने सर्दीचे थेंब दिले. संपले की पुन्हा तेच. पुढे डावा डोळा बाहेर आला, एकाचे दोन दिसू लागले. टेबलांच्या कडा खडबडीत राहायला लागल्या, तेव्हा कुठे नवरा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"लाकूड घासते."

"नाकातोंडाला काही बांधून?"

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

"डोळ्यांच्या मधल्या पोकळीत कॅन्सरची गाठ आहे. क्वचितच होते अशी. लाकडाच्या भुशात वर्षं काढणाऱ्यांना मात्र धोका जास्त."

"मग मला कशी नाही झाली?" नवरा म्हणाला.

"सगळ्यांना होत नाही. लवकर आणलं असतंत तर यांचा डोळा वाचला असता."

गाठीबरोबर डोळा गेला. मग किरणांचे उपचार झाले. तोंड सोलून निघालं, पाणीसुद्धा गिळवेना. नवरा एकदाच येऊन गेला. "आरसा मागू नकोस," एवढंच बोलला.

ती घरी परतली तर मागून घासण्याचा आवाज येत होता. तिच्या स्टुलावर लेक बसली होती. पापण्यांपर्यंत भुसा.

"काम काय तुझ्यासाठी थांबणार होतं?" नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि डोळ्यावरची पट्टी सोडली. पलंग बघायला आलेलं जोडपं उंबऱ्यातूनच मागे फिरलं.

"आत हो! माणसं पळतायत!"

"पोरीला उठवा. मग होते."

दुपारपर्यंत तो धुमसत राहिला. एकही गिऱ्हाईक टिकेना तेव्हा कुठे नमला. लेक मावशीकडे गेली, शिवणकाम शिकायला लागली.

स्टुलावर आता शेजारच्या गल्लीतली एक विधवा आली. वहिनीने तिला एकटीला गाठलं, पट्टी वर करून सगळं दाखवलं, सांगितलं.

बाईने नीट बघून घेतलं. मग पदर नाकावरून घट्ट बांधला.

"वहिनी, घरी दोन पोरं आहेत," ती म्हणाली, आणि पॉलिशपेपर उचलला.