जर्मन बाहुली आणि टेमघरची गर्दी

गेल्या अमावास्येला सकाळी टेमघरच्या नाक्यावर एका म्हाताऱ्या बाईवर अन्याय झाला. तिचं नाव लिहीत नाही. गर्दीनेही ते विचारलं नव्हतं.

जुन्या जर्मन बाहुल्या ती भंगाराच्या गोदामांतून शोधून जमवते. त्या दिवशी अशीच एक पिशवीतून घरी नेत होती. बाहुलीचा चेहरा चिनीमातीचा, पण चकाकी नसलेला, माणसाच्या गालासारखा. डोक्यावर खरे केस. पिशवीबाहेर आलेले ते केस कुणाला तरी दिसले.

"म्हातारे, भावल्या खेळतेस का करणी करतेस?"

बाहुली हिसकावून रस्त्यावर आपटली गेली. मी नाक्याच्या पलीकडे पत्रकं वाटत होतो; ती टाकून धावलो, तोवर एक गाल फुटला होता.

त्या म्हातारीला मी खाला म्हणतो. खाला रडली नाही. तिने तुकडे ओढणीच्या टोकात वेचले आणि बाहुलीला आडवं धरलं. तसे तिचे काचेचे डोळे मिटले.

"घाबरली होती," खाला मला म्हणाली. "आता निजली."

मी तिला घरी सोडलं. खाटेवर बाहुल्या ओळीने निजलेल्या, अंगावर लूमच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडाची पांघरुणं. नवीला त्यांच्यात ठेवताना तिने फुटका गाल वरच्या बाजूला केला.

"दुखऱ्या अंगावर कुणाला निजवतात काय?"

टेमघरकरांनो, त्या सकाळी तुम्ही नाक्यावर होतात. हात लावला नसेल, पण उभे राहून बघत होतात. तिच्या दारात जा, चपला बाहेर काढा आणि माफी मागा. हळू आवाजात मागा.