पडद्यावर ती, आवाज आत्याचा

मी पेणला एका शाळेत विज्ञान शिकवते, राहायला रामवाडीत. असे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय, हे आधी कबूल करते. वर्गात कुणी भुताचा विषय काढला की मी एवढंच विचारते, "तू स्वतः पाहिलंस का?" मूल खाली बसतं. आता सांगायची वेळ माझ्यावरच आलीये...

माझी आत्या रोह्याला असते. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही. तरुणपणी ती मुंबईत रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये काम करायची. त्यातली एक फार गाजली - नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई छोट्याशा स्टेशनवर गाडीची वाट बघतेय आणि स्टेशनमास्तरशी बोलतेय, बस्स. मुंबईत टीव्ही नवा नवा होता तेव्हा त्याच श्रुतिकेवरून टीव्हीसाठी नाटक केलं. लेखक तोच, संवाद तेच, स्टेशनमास्तरही तोच. बाई मात्र बदलली. आत्याच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत. "कॅमेऱ्याला चालणार नाही," असं तिला तोंडावर सांगितलं गेलं. तिने मग रेडिओही सोडला. रोह्याला आली आणि आयुष्यभर ब्लाऊज शिवले.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिहिताही येत नाही. तिचं सगळं करायला त्यानंतर सुगंधाताई येऊ लागल्या - जवळच्याच गावच्या, दिवसभर असतात.

गेल्या हिवाळ्यात जुनी रेकॉर्डिंग जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे ते टीव्ही नाटक सापडलं. आत्याला दाखवावं की नाही, मला दोन आठवडे ठरवता येईना. शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "आत्या, ते स्टेशनचं नाटक मिळालंय. बघायचंय?"

तिने मान हलवली - हो.

दुपारचे सव्वातीन. आत्या उशांना टेकून पलंगावर, लॅपटॉप समोर स्टुलावर, मी तिच्या पायाशी पडद्याकडे तोंड करून. सुगंधाताई दारात तांदूळ निवडत होत्या. चित्र कृष्णधवल, पडद्यावर मुंग्या येत होत्या. नटी देखणी, आवाज बारीक, किंचित नाकातला.

वीसेक मिनिटं झाली असतील. स्टेशनमास्तरने विचारलं, "बाई, तिकीट कुठलं देऊ?" नटी कॅमेऱ्याकडे वळली, ओठ हलले - आणि आवाज आला तो आत्याचा.

भरदार, थोडा घोगरा. दोन वर्षांत न ऐकलेला. डबिंग असेल, असं मनात येतंय तोवर तोच आवाज म्हणाला,

"चिमे... छातीत कळ येतेय गो. हात भरून आलाय."

मला चिमी फक्त आत्या म्हणायची.

दारात सूप खाली पडलं. "ताई, आत्यांकडं बघा आधी!" सुगंधाताई ओरडल्या.

मी वळले. आत्या घामाने निथळत होती, ओठ निळसर, डावी मूठ छातीवर आवळलेली. तोंड घट्ट मिटलेलं. आणि मागे लॅपटॉपवर ती नटी आपल्या बारीक आवाजात तिकिटाबद्दल बोलत होती...

शेजारचे काका फर्स्ट शिफ्ट करून आले होते, त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात मी धापा टाकत सांगितलं - छातीत कळ, हात भरून आलाय. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "यांना बोलता येत नाही ना? मग हे सांगितलं कोणी?"

सुगंधाताई म्हणाल्या, "त्यांनीच."

अँब्युलन्समधून पेणला हलवलं. वडखळला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. सायरन चालू, पुढचा ट्रक हलेना. मी आत्याचा हात धरून तिच्या नखांचा रंग बघत बसले होते. "आत्या, झोपू नको. माझ्याकडे बघ," एवढंच म्हणत होते.

ती वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर नसती वाचली, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी मी धीर करून तो भाग पुन्हा लावला. नटी तिच्याच आवाजात म्हणते, "जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथलं." दुसरं काही नाही. हेडफोन लावून ऐकलं, संग्राहकाकडून पुन्हा फाइल मागवली... तेच. मग स्वतःची समजूत घातली - आत्याचा श्वास बदलल्याचं कानांनी टिपलं असेल, बाकीचं मेंदूने रचलं असेल. विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं असतं.

पण सुगंधाताई? मी त्यांना काहीही न सुचवता विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत?" त्यांनी ते वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. वर विचारलं, "पन ताई, ही चिमी कोन हाय?"

महिन्याभराने आत्या रोह्याला परतली. मी तिच्याजवळ बसून हळूच म्हटलं, "त्या दिवशी तूच बोललीस ना गो?" तिने डाव्या हाताने माझ्या पिशवीतल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. तिला उरलेलं नाटक बघायचं होतं.

लावलं. पाऊण तास चाललं. त्या पाऊण तासात मी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही, तिच्या तोंडाकडेच बघत होते. शेवटी गाडी सुटल्याची शिट्टी झाली, तेव्हा आत्याचे डोळे भरले होते आणि ओठ मिटलेलेच होते. काय घडलं होतं, मला आजही सांगता येत नाही. वर्गात तो प्रश्न विचारणं मात्र मी बंद केलंय.