माझ्या पदरची एक ओळ

आमच्या गावात बायका नवऱ्याला पत्र लिहीत नसत. लिहिता येत नव्हतं हे तर झालंच, पण येत असतं तरी लिहिलं नसतं. पत्र जायचं ते लेकराच्या नावानं. वर लेकराचा नमस्कार, खाली लेकराची सही आणि मधलं सगळं बोलणं आईचं. म्हैस आटली, मागची भिंत खचली, मावशीच्या घरी पाळणा हलला. वाचणाऱ्यालाही हे ठाऊक असे. लेकरानं पत्रात स्वतःचं काही सांगावं, असं कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नसे.

आमच्या घरी हे काम माझ्याकडं होतं. मी अकरा वर्षांची होते. शाळा उर्दूची आणि तीही मुलग्यांची, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घरीच पाटीवर बाराखडी शिकवली. ते सेलूला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. पंधरवड्यातून एकदा बोरीच्या बाजूला असलेल्या आमच्या खेड्यात यायचे. पोरीला शिकवून काय तहसीलदार करायचंय का, असं गावातले लोक विचारत. दादा म्हणत, करीन की.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस होते. शेवटचे होते हे आपण आता म्हणतो. तेव्हा ते कधी संपतील असं वाटत नव्हतं. दादांनी सेलूत तिरंगा लावला, त्यांच्या नावानं वॉरंट निघालं आणि ते सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले. 'कॅम्पात गेले' हे शब्द आमच्याकडं बायका आवाज खाली आणून म्हणायच्या, जसं काही घरातल्या आजारपणाबद्दल बोलावं.

आता दरवर्षी सप्टेंबरात मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला मला खुर्ची देतात, शाल घालतात. कुणीतरी तरुण वक्ता सांगतो की त्या मातेनं हसतमुखानं पतीला देशकार्याला धाडलं. मी शाल सावरत ऐकून घेते. कुठलं हसतमुख आणि काय! आई आठ दिवस धड जेवली नव्हती. मग उठली, कारण रब्बीची पेरणी आली होती. बाईमाणसानं तिफणीला हात लावायचा नाही अशी गावची रीत होती, पण गावात धडधाकट गडी उरले होते किती? आईनं पदर खोचला आणि तिफण धरली. नावं ठेवायला जी दोन म्हातारी माणसं होती, त्यांनी ठेवली.

शिपाई घेऊन पोलीस ठाण्याचा अमीन घरी आला तेव्हाची एक गोष्ट आहे. "मरद का नाम बोलो," तो आईला म्हणाला. आईनं मान खाली घातली. त्यानं आणखी दोनदा विचारलं, आवाज चढवला. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, बाई भलतीच कडवी आहे, फितणार नाही. शेवटी मीच नाव सांगितलं. ते त्याच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

कडवी बिडवी काही नव्हती ती. विहीर गावाच्या खालच्या अंगाला, आणि ही घागर घेऊन वरच्या वाटेनं निघायची, कारण तिथून सेलूचा रस्ता दिसे. रस्ता रिकामा बघून मग वळसा घालून पाण्याला जायची. रोज. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "खालच्या वाटंनं लय चिखल हाय." तेव्हा पाऊस उघडून महिना झाला होता.

आमच्याकडं एक कासारीण यायची. बांगड्यांची पेटी घेऊन ती सरहद्दीच्या अल्याड-पल्याड फिरे, आणि पेटीतल्या गवताखाली तिकडच्या माणसांची पत्रं असत. ती दिवाळीनंतर आली आणि म्हणाली, काही कागद द्यायचा असंल तर आत्ता दे. मी बोरू घेऊन बसले. आई कपाशीतली काडी निवडत सांगू लागली.

"लिव्ह. तूर फुलोऱ्यात हाय. बैलाचा पाय बरा हाय. कपाशीला बोंडं लय धरलीत, वेचायला बायका मिळतील. आमची काळजी करू नका."

एवढं बोलून ती थांबली. मी विचारलं, "अजून काय लिहू?"

"अजून काय लिव्हायचं? झालं की."

झालं कसलं? मला राग आला. रोज रस्ता बघते आणि पत्रात बैलाचा पाय! खरं सांगायचं तर मलाही दादांवाचून जीव नको झाला होता, पण स्वतःबद्दल लिहायचं मला सुचलंच नाही. मी आपल्या पदरची एक ओळ खाली घातली: 'आईला करमत नाही. एकदा येऊन जा.' सही केली, कागदाची घडी घातली आणि कासारणीला दिली.

तीनेक आठवड्यांनी भर दुपारी, सगळं गाव वेचणीला रानात गेलेलं असताना, कासारीण पुन्हा आली. तिच्या मागं पेटी उचललेला एक दाढीवाला माणूस होता. मी ओळखलं नाही. आई सूप घेऊन पाखडत होती. त्यानं पेटी खाली ठेवताना "हुश्श" केलं आणि आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

कासारीण शहाणी होती. तिनं आईला ओसरीवर बसवलं, हात ओढून घेतला आणि म्हणाली, "कुणी आलं तर बांगड्या भरायलीस. आता बोला काय बोलायचं ते." दादा खांबाला टेकून बसले. दोघांमध्ये तीन हातांचं अंतर असेल. कासारीण एकेक बांगडी चढवत राहिली, होईल तितकी सावकाश.

मग दादा म्हणाले, "तेरा वर्षं झाली लग्नाला. तू कधी काही मागितलं न्हाईस. लुगडंसुद्धा न्हाई. तुझा कागद वाचला अन् म्हणलं, हिनं बोलवलंय, आता जायलाच पायजे. तिथले सगळे म्हणत व्हते, नको जाऊ."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं, त्याच क्षणी कळलं. आता ही मला मारणार, की दादांना सांगणार, मला काही उमगेना.

"व्हय," आई दादांना म्हणाली. "मीच बोलवलं."

मग ती उठली. "जेवून जावा."

कासारीण घाई करत होती. रानातल्या गाड्या परतायच्या आत निघायचं ठरलं होतं. पण आईनं चूल पेटवली, अंबाडीची भाजी केली, भाकरी थापल्या. दादा चुलीपुढं बसून तव्यावरची गरम भाकरी खात होते आणि आई वाढत होती. मी दारात उभी राहून वाट राखत होते, पण लक्ष सगळं आत होतं. घरात इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. चौथी भाकरी खाऊन ते उठले तेव्हा गाड्यांचे आवाज वेशीपर्यंत आले होते.

त्यांना ओढ्याच्या उतारावर धरलं. दाढीनं चेहरा लपतो, चाल लपत नाही, आणि गावात चुगली करणारे होतेच. कासारणीची पेटी शिपायांनी दगडावर आपटली. तिची सगळी कमाई त्या उतारावर काच होऊन पडली. नंतर कितीतरी दिवस आम्ही पोरं तिथून जपून चालायचो.

दादा तुरुंगात उन्हाळ्यात तापानं गेले. उर्दूत चार ओळींचा कागद आला, तो पटवाऱ्यानं वाचून दाखवला. आईच्या हातांत त्या दुपारी भरलेल्या बांगड्या अजून सगळ्या शाबूत होत्या. शेजारणींनी त्या फोडल्या. त्यानंतर चार महिन्यांत निजामाचं राज्य गेलं. कॅम्पातली माणसं गुलाल उधळत घरी आली. आई दार लावून आत बसली आणि मी तिच्याजवळ बसले.

पुढं गावातल्या बायका माझ्याकडून पत्रं लिहून घेत. मी त्यांनी सांगितलेलं लिही, त्यात कान्यामात्रेचीही भर नाही. पोरगी मोठी इमानदार, असं म्हणत त्या. मला त्या शब्दाची शिसारी येई.

आई त्या ओळीबद्दल कधी बोलली नाही, मीही नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, आई थकून सेलूला माझ्याकडं राहायला आली. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी तिच्या पायांना तेल चोळत होते. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटलं. मान वर न करता म्हटलं, "आई, दादा माझ्यामुळं गेले. ती ओळ तू सांगितली नव्हतीस."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "माझ्या मनातलंच व्हतं ते. मला म्हणता येत न्हवतं."

मला रडू आलं. तिनं रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नेमकं काय लिव्हलं व्हतंस गं? मला कुणी वाचून दावलंच न्हाई."

इतकी वर्षं मी ती ओळ तोंडातून काढली नव्हती. म्हटलं, "आईला करमत नाही. एकदा येऊन जा."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, मनातल्या मनात म्हणून बघत असावी. मला वाटलं, आता झोपली.

"एकदा कशाला लिव्हलंस?" ती म्हणाली. "नुसतं या म्हणायचं."