भिंतीला टेकून बसलेला दानू

मंगळवारी सकाळी मी वर्गात होतो. फळ्यावर प्रकाशाच्या अपवर्तनाचं सूत्र अर्ध्यावर आलं होतं आणि खिशातला फोन तीनदा थरथरला. काढून पाहिला, तर नांदेडहून सुशीलावहिनी, दानूची बायको. मंगळवार म्हणजे दानूच्या डायलिसिसचा दिवस. त्या दिवशी वहिनी कुणालाच फोन करत नसत. काय झालं असणार ते तिथंच कळलं. तरी मी सूत्र पूर्ण केलं, त्यावरची दोन उदाहरणं सोडवून दिली आणि तास संपल्यावर जिन्यात उभं राहून फोन लावला. मित्र गेल्याचं कळूनही वीस मिनिटं शिकवत राहणाऱ्याला लोक दगड म्हणतील. म्हणोत. या लेखात मला त्याहून वाईट गोष्ट सांगायची आहे.

लातूरच्या चर्चमधली मंडळी त्याला रेव्हरंड दानिएल लोंढे म्हणून ओळखायची. इंग्रजांच्या काळातलं अँग्लिकन वळण सांभाळणारं ते छोटं चर्च. तिथं तो बारा-तेरा वर्षं पाळक होता. पण माझ्या वयाच्या नांदेडकराला विचारा, तो पाळक-बिळक बाजूला ठेवून म्हणेल, "लोंढे? अरे, काय नट होता!" वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि हा गडी तालमीला पळायचा. मी औशाच्या शिंप्याचा पोरगा, कॉलेजासाठी नांदेडला आलेलो. मला अभिनय शून्य, पण पाठांतर दांडगं, म्हणून आमच्या नाटकमंडळीनं मला प्रॉम्प्टर केलं. नटाचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो. विंगेत वही घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरला त्याची पाठ दिसते, मानेवरचा घाम दिसतो आणि पाय दिसतात. दानूची एक खोड फक्त मला माहीत होती. रडायचं किंवा रडवायचं वाक्य आलं, की बोलण्याआधी त्याची डावी टाच जमिनीवरून बोटभर उचलली जायची. इकडे टाच उचलली, की तिकडे तिसऱ्या रांगेत बायकांचे पदर डोळ्याला लागलेच म्हणून समजा. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला होता. "रशीद, हे कुणाला बोलू नको बर का. माझं दुकान बसंल."

त्र्याण्णव साली आम्ही राज्य पातळीवरच्या स्पर्धेची तयारी करत होतो. मुंबईच्या एका निर्मात्याचं दानूला बोलावणंही आलं होतं. आणि भूकंप झाला. मी तेव्हा लातूरला नोकरीला लागलो होतो आणि तालमीसाठी मंडळी माझ्याच खोलीवर उतरली होती. उजाडल्यावर जो टेम्पो मिळाला त्यात बसून आम्ही औशावरून पुढे गेलो. काय पाहिलं ते इथं लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या पटांगणात, ताडपत्रीखाली, एक म्हातारी होती. डोळ्यांवर पट्टी, कमरेखालचं सगळं चिरडलेलं. ती सारखी लेकाला हाक मारत होती, "बाबू... बाबू आला का?" तो बाबू पहिल्याच दिवशी सापडला होता, त्याला चिताही मिळाली होती. दानू तिच्याजवळ बसला, तिचा हात धरला आणि त्या भागातल्या बोलीत, शेतात राबणाऱ्या माणसाच्या जाडसर आवाजात म्हणाला, "हाव माय. मीच हाय. कुटं जात न्हाई." म्हातारी शांत झाली. दुपारपर्यंत तो तिचा बाबू होता. बैलांचं सांगत होता, लेकरं मामाकडं धाडलीत म्हणून सांगत होता. दुपारी ती गेली. मी जवळच उभा होतो, रडत होतो. आणि माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पाय मुडपून बसला होता, तरी डावी टाच वर.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी त्यानं सांगितलं की तो नाटक सोडतोय, पाळक व्हायला शिकायला चाललाय. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. मी सर्वांत जास्त. म्हटलं, "म्हातारीला आधार दिलास त्यात काय पाप झालं?"

"आधार दिला ते ठीक हाय रे," तो म्हणाला. "पण ती गेली ना, तवा मला माझाच आवाज आवडला. वाटलं, काय जमलंय! समोर मढं, अन मी मनात टाळ्या ऐकून राहिलो."

"मग पाळक होऊन काय होणार? तिथंही चार लोकांसमोर बोलायचंच ना?"

"तिथं शब्द माझे नसत्यात."

"नाटकातही नव्हते!"

आमचं नाटक पडलं, मंडळी मोडली, आणि मी त्याच्याशी सात-आठ वर्षं अबोला धरला. त्याच्या दीक्षेची पत्रिका आली होती. मी गेलो नाही. आता लिहिताना लाज वाटते.

मग त्याची बदली लातूरला झाली. तोवर लातूर शिकवण्यांचं गाव झालं होतं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी परगावची पोरं, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. मीही शाळा सोडून क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि माझेही फोटो चौकात लागत होते. एका संध्याकाळी तो सायकलवरून घरी आला. गळ्याला पांढरी पट्टी, तेल लावून चापून बसवलेले केस. बसला, माझ्या बायकोनं, हमीदानं, दिलेला चहा प्यायला आणि सरळ म्हणाला, "रशीद, एक काम हाय. तूच करू शकतोस. रविवारी चर्चमध्ये येऊन बस. मी उपदेश देताना कुठं नाटक करतो ते मला नंतर सांग."

मी हसलो. तो हसला नाही. त्याला खरंच भीती वाटत होती. मंडळी म्हणायची, लोंढेसाहेब काय सुंदर बोलतात... आणि याची झोप उडायची.

अशा रीतीनं औशाचा एक मुसलमान, नमाजाचाही फारसा नेमाचा नाही, महिन्यातून एक-दोन रविवार चर्चमध्ये बसू लागला. वेदीच्या बाजूला, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी एक बाक होता. तिथून झग्याखालचे त्याचे पाय दिसत. उपासना संपली, की तो मागच्या अंगणात यायचा आणि परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा राहायचा. मी सांगायचो, "दोनदा. त्या विधवेच्या गोष्टीला, आणि शेवटच्या प्रार्थनेत." तो मान हलवायचा. पुढच्या वेळी ते शब्द तो सपाट वाचायचा. हे आम्ही दहा वर्षं केलं. हळूहळू टाच उचलायची थांबली. मी "आज एकदाही नाही" म्हणालो, की त्याचा चेहरा असा उजळायचा, की नाटकाच्या बक्षिसालाही कधी उजळला नसेल. माझ्या शब्दाला इतकं वजन जगात दुसऱ्या कुणीही दिलं नाही. माझ्या बायकोनंही नाही.

आता ते वाईट सांगतो.

माझी मुलगी रेश्मा बारावीत होती, माझ्याच क्लासमध्ये. माझ्या मुलीनं पहिलं यावं हे मी तिला बोलून दाखवत नव्हतो, असं मी समजत होतो. एका शनिवारी मोठी टेस्ट देऊन ती घरी आली आणि उंबऱ्यातच कोसळली. डेंग्यू. सोमवारी पहाटे गेली. ताप अचानक चढला, कळायच्या आत सगळं झालं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो. स्वतःलाही.

दफन करून आम्ही घरी आलो. माणसं बसावीत म्हणून तिच्या खोलीतली खाट अंगणात काढली होती आणि सतरंज्या अंथरल्या होत्या. दानू कब्रस्तानातून आमच्याबरोबर आला, त्या खोलीत शिरला, थोडा वेळ उभा राहिला आणि खाट असायची त्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. बसला तो उठेचना. कुणी चहाला बोलावलं, उठला नाही. औशाचे माझे मामा म्हणाले, "पाद्रीसाब, जरा सरका, बुजुर्गांना टेकू द्या." तो नुसती मान हलवून तसाच. जो येई तो आधी त्याच्याकडे बघे. बायका दारातून कुजबुजत होत्या, बघा, परका माणूस, पण किती लागलंय त्याला. दुपार गेली, उतरत्या उन्हाची, असरची नमाज झाली, तरी हा पुतळ्यासारखा. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या मयतीला, लोक याला बघून रडत होते! माझं डोकं फिरलं. भरल्या खोलीत मी ओरडलो, "बास कर दानू! चांगला झाला सीन. पडदा पडला. ऊठ आता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझा निकाल तो नेहमी ऐकायचा तसाच त्यानं ऐकला. मग "बरं" म्हणाला. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, अंगणातली खाट स्वतः ओढत आत आणली, भिंतीला लावली, वर गाद्यांची वळकटी रचली आणि सायकल घेऊन निघून गेला. त्या दिवशी मी त्याच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर त्यानं मला रविवारी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली. आम्ही भेटत होतो, सणावाराला फोन होते, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. तीन महिन्यांपूर्वी नांदेडला त्याच्या उशाशी बसलो होतो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. मागितली नाही. पाण्याचं पथ्य, गाडीची वेळ, नातवाची शाळा... निघताना तो म्हणाला, "जपून जा रशीद," आणि मी जपून आलो.

अंत्यविधीला गेलो तेव्हा चार शब्द बोलायची तयारी करून गेलो होतो. नांदेडला आलेल्या पाळकांनी पुस्तकातलं तेवढं वाचलं आणि मिटलं. दानूनं लिहून ठेवलं होतं, माझ्या मातीला कुणी भाषण करू नये. सुशीलावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, शेवटची दहा-अकरा वर्षं ते कुणाच्याच मातीला स्वतःचा शब्द बोलले नाहीत हो. छापलेलं वाचायचे, झालं. लोक म्हणायचे, पाळकसाहेब लई कोरडे. मी विचारलं एकदा, असं का करून राहिले? तर म्हणे, मला अजून जमत न्हाई, जाणत्या माणसानं सांगितलंय."

जाणता माणूस म्हणजे मी.

लातूरला परत आलो आणि हमीदाला हे सगळं सांगितलं. ती उठली, रेश्माच्या खोलीत गेली, त्या खाटेवरची वळकटी एकेक गादी करून उतरवू लागली. रंगारी दर दोन वर्षांनी येतात, पण ही खोली ती रंगवू देत नाही. मी समजत होतो, ते आईचं मन. "त्या दिवशी जाताना दानूभाईंनी माझ्याकडून शब्द घेतला होता," ती म्हणाली, "की मी जिता हाय तोवर रशीदला दावू नका म्हणून. आता ते राहिले नाहीत." आणि तिनं खाट ओढली.

भिंतीवर, उशीच्या उंचीला, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. रेश्माचं अक्षर. मंगळ १०१. बुध १०२. गुरु १०३. शुक्र १०३. आणि खाली, अब्बांना टेस्ट झाल्यावर सांगायचं.

मी खाली बसलो. पाठ टेकली, तर ते सगळं बरोबर माझ्या पाठीमागे झाकलं गेलं. दफनाहून परतल्यावर खोलीत शिरलेल्या दानूनं ते वाचलं होतं, आणि भरल्या घरात मला, माझ्या मामांना, कुणालाही ते दिसू नये म्हणून तो दुपारपासून तिथून हलला नव्हता. मी त्याला भर खोलीत नाटकी ठरवलं, तेव्हा एका वाक्यात तो सुटला असता. नुसता सरकला असता, तरी पुरे होतं.

गुरुवार-शुक्रवारचे आकडे पुसट झाले आहेत. खालची ओळ मधोमध फिसकटली आहे. हमीदा म्हणते, तेव्हापासून ते तसंच आहे, तिनं कधी बोट लावलं नाही. त्या दिवशी दानूच्या अंगात पांढरा सदरा होता. ती पेन्सिल त्याच्या पाठीवर उतरली असणार, आणि तो तसाच सायकलवरून घरी गेला असणार.